गेटवे ते गोवा… व्हाया अल्टरनेटर!

गोव्याला जायचे आपले मार्ग ठरलेले असतात. कोकणकन्येचं तिकीट मिळालं तर लॉटरी, नाहीतर स्लीपर बस, आणि बोनस बरा झाला असेल तर विमान. शिडाच्या बोटीनेही गोव्याला जाता येतं, तेही आपल्या गेटवेवरून, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कळलं.

‘‘काकाला एक माणूस कमी पडतोय,’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘येतेस का? शुक्रवारी पहाटे निघायचं, रविवारी संध्याकाळी पणजी. फक्त रात्री चार तास जागायचं.’’

जागायचं मला काय कौतुक! आमचा क्लायंट टेक्सासात आहे. मी हो म्हणून टाकलं.

काका म्हणजे तिचे सख्खे काका. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर तीन मजली इंजिनं चालवली आणि निवृत्तीनंतर घेतली ती छत्तीस फुटांची, फायबरची, सेकंडहँड शिडाची बोट. ती गेटवेसमोर एका बोयाला बांधलेली असते. आपल्याकडे पॅरिसच्या पार्किंगसारख्या मरीना नाहीत, की धक्क्याला लावली बोट आणि खोचली वायर प्लगमध्ये. बोयावरच्या बोटीला वीज मिळते ती दोनच ठिकाणांहून. वर लावलेलं सोलर पॅनेल आणि खाली इंजिनाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर. आता तुम्ही म्हणाल, प्रवासवर्णनात ही वायरमनगिरी कशाला? तर मंडळी, आमच्या गोव्याच्या ट्रिपमध्ये जे काही घडलं ते सगळं या एका पट्ट्यावर घडलं.

जानेवारी २०२५ मधला शुक्रवार. पहाटे सहाला बोयावरून दोर सोडला तेव्हा जमिनीकडून गार वारा येत होता. ‘‘मतलई,’’ काका म्हणाले. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे यांची आकृती काढून मी पाच मार्क मिळवले होते. ते वारे खरोखर असतात आणि त्यांच्यावर बोट चालते, हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. हिवाळ्यात या किनाऱ्यावर त्यांचं टाइमटेबल जवळजवळ पक्कं असतं. पहाटे मतलई, दुपारी वायव्येकडून भरभरून वारा, आणि रात्री बऱ्याचदा सामसूम. मुंबईहून दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीवर मिळतो, म्हणून जाणं मजेचं. परत येताना तोच वारा तोंडावर घेत यायचं. ‘‘जाताना पेढा, येताना कारलं,’’ हे काकांचं वर्णन.

मुंबई-गोवा म्हणजे साधारण २२० सागरी मैल. ताशी चार-साडेचार मैलांनी दोन दिवस आणि दोन रात्री सहज लागतात. तुमच्या-माझ्या हिशोबात हे हास्यास्पद आहे. पण सकाळी खांदेरी डावीकडून जाताना बघा एकदा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांची झोप उडाली होती. बेट किती मोक्याच्या जागी आहे हे अलिबागच्या बीचवरून कळत नाही, पाण्यावरूनच कळतं. याच वाटेवर पुढे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. हे चारही किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. आम्ही सहा महिने आधीच फुकटात बघून घेतले होते!

दुपारी जंजिऱ्याच्या बाहेरून जाताना वारा भरला, बोट एका बाजूला कलली आणि ऑटोपायलट कुरकुर करत सुकाणू सांभाळू लागला. मी डेकवर पाय सोडून बसले. पुतणीने (म्हणजे माझ्या मैत्रिणीने, बोटीवर तिचं हेच नाव पडलं) फ्रिजमधून गार कोकम सरबत काढलं. आयुष्य सॉलिड होतं.

‘‘हे सगळं कुठून येतंय माहीत आहे ना?’’ काकांनी विचारलं.

मग त्यांनी वहीत हिशोब मांडून दाखवला. ऑटोपायलट सरासरी चार अँपिअर खातो. फ्रिज तीन. नकाशा दाखवणारा प्लॉटर आणि आसपासची जहाजं दाखवणारं एआयएस मिळून दोन. रात्रीचे दिवे, आमचे फोन, पुतणीचा स्पीकर. चोवीस तासांत बारा व्होल्टचे दोनशेच्या आसपास अँपिअर-अवर जातात. सोलर पॅनेल देतं पन्नास, आणि शिडाची सावली पडली की तेही नाही. बाकीची खोट भरून काढायची ती इंजिन चालवून, अल्टरनेटरकडून. आपला पगार आणि क्रेडिट कार्ड यांचं जसं असतं, अगदी तसंच.

जुन्या बोटींवर यासाठी लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतात, म्हणजे आपल्या घरच्या इन्व्हर्टरच्या नात्यातल्या. वजनाला धोंडा, आणि निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर म्हातारी होणारी. काकांनी दिवाळीनंतर त्या काढून लिथियमची ३०० अँपिअर-अवरची बॅटरी बसवून घेतली होती. वजन निम्म्याहून कमी, आणि ऐंशी-नव्वद टक्के वापरली तरी तिला काही वाटत नाही. ‘‘जुनी काढायची, नवी ठेवायची, त्याच वायरी जोडायच्या. एका तासाचं काम,’’ असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. त्याने केलंही एका तासात.

लिथियम म्हटलं की आपल्याला आग आठवते. माझ्याही मनात ते आलंच. जानेवारी २०१३ मध्ये बोइंगची ड्रीमलायनर विमानं बॅटऱ्यांच्या भानगडीमुळे जगभर जमिनीवर बसवली होती. पण लिथियमच्या बॅटऱ्यांमध्येही जाती आहेत. बोटींवर वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट, बरीच शांत स्वभावाची. इथे मला एक गोष्ट जाम आवडली. या रसायनावरचा मूळ शोधनिबंध १९९७ चा. त्याच्या तीन लेखकांपैकी शेवटचं नाव जॉन गुडइनफ यांचं. त्यांना पुढे २०१९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, लिथियम बॅटऱ्यांच्या कामासाठी नोबेल मिळालं. आधीची दोन नावं आहेत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी. काम झालं टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये, म्हणजे माझ्या क्लायंटच्याच गावात. सोमवारच्या कॉलवर टाकायला किस्सा मिळाला, म्हणून मी खूश!

सूर्य हरिहरेश्वरच्या बाहेर बुडाला. नऊ वाजता सुवर्णदुर्गाच्या आसपास वारा पडायला लागला आणि दहाला शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबायला लागलं. मीटरवर बॅटरी ४५ टक्के. काकांनी इंजिन लावलं. अंधारात जाळी लागू नयेत म्हणून हळू, अगदी कमी वेगावर. कोकणच्या समुद्रात रात्री खरी भीती जहाजांची नसते, जाळ्यांची असते. थर्माकोलचे तुकडे नाहीतर काळ्या झेंड्याचे बांबू, आणि त्यांच्या खाली शेकडो मीटर दोर. पंख्यात अडकला की खेळ खल्लास.

मीटर बघून मात्र आम्ही तिघंही खूश झालो. अल्टरनेटर ७२ अँपिअर देत होता! ‘‘जुनी बॅटरी असती तर तासाभरात तीसवर आली असती,’’ काका म्हणाले, ‘‘ही बघ, अजून घेतेच आहे.’’ आणि समाधानाने खाली झोपायला गेले. दहा ते दोन पाळी आमची.

साडेअकराला वास आला. रबर जळल्याचा.

काकांना उठवावं लागलं नाही. झोपेतही नाक जागं असणारी जमात आहे ती. त्यांनी इंजिनाची पेटी उघडली. आतली पांढरी भिंत काळ्या भुशाने माखली होती. हा भुसा पट्ट्याचा. त्यांनी पिस्तुलासारखा दिसणारा लेझर थर्मामीटर अल्टरनेटरवर रोखला. १२१ अंश.

‘‘बंद कर इंजिन.’’

त्या वीस मिनिटांत मी पट्टा ताणायला टॉर्च धरून बसले होते आणि काका घाम पुसत मला शिकवत होते. त्यांना शिकवल्याशिवाय पाना फिरवता येत नाही. तर फंडा असा. गाडीतला काय, बोटीतला काय, साधा अल्टरनेटर हा अख्खी बॅटरी रिकामीची भरायला बनवलेलाच नसतो. सेल्फ मारताना जे काही गेलं ते दहा मिनिटांत परत द्यायचं आणि मग आरामात फिरत राहायचं, हे त्याचं काम. त्याच्यावर ८० अँपिअर लिहिलेलं असतं, पण तासन् तास ८० द्यायची त्याची तब्येत नसते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीने त्याला आजवर सांभाळून घेतलं होतं. पंगतीतल्या शहाण्या पाहुण्यासारखी ती पोट भरत आलं की पानावर हात आडवा धरते. लिथियमचा अंतर्गत विरोध इतका कमी की ती हात आडवा धरतच नाही. वाढाल तेवढं घेते, जवळजवळ शेवटच्या घासापर्यंत. वाढणाऱ्याचा हात भाजला तरी तिला पत्ता नाही. त्यात इंजिन हळू चालवलं की अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो. म्हणजे ओझं पूर्ण आणि वारा अर्धा.

(मला आमच्या टीममधला एक जण आठवला. कोण ते सांगत नाही, तो हे पान वाचतो.)

‘‘आणि अल्टरनेटर गेला तरी एक वेळ चालेल,’’ काका म्हणाले, ‘‘पण हाच पट्टा इंजिनाचं पाणी खेळवणारा पंप फिरवतो. पट्टा तुटला तर दिवेच जाणार नाहीत, इंजिन जाईल. स्पेअर एकच आहे.’’

इंजिन बंद असताना समुद्र किती शांत होता ते सांगितलं पाहिजे. दूर ट्रॉलरचे दिवे गावासारखे पसरलेले. पुतणीने बादली टाकली तर पाणी निळसर चमकलं, आणि बोटीच्या कडेने जाणारा प्रत्येक मासा आपल्यामागे उजेडाची रेघ ओढत होता. पाण्यातले सूक्ष्म जीव असे चमकतात हे वाचलेलं होतं. पण हात बुडवल्यावर स्वतःची बोटं उजळतात तेव्हा वाचलेलं काही आठवत नाही.

सव्वाबाराला परत सुरू. वेग थोडा वाढवला, इंजिनाची पेटी उघडी ठेवली, आणि मला ड्युटी लागली. दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर रोखायचा आणि वहीत आकडा लिहायचा. १०४. १०२. १०३. बॅटरी ७४ टक्के, ८०, ८६. आकडे सुधारत होते. एक्सेल लावून बसणाऱ्या मुलीला याहून जास्त मनःशांती कशाने मिळणार?

पावणेदोनला खालून ‘टक्’ असा आवाज आला आणि सगळं गेलं.

सगळं म्हणजे सगळं. प्लॉटर, एआयएस, होकायंत्रातला दिवा, डोलकाठीवरचा दिवा. ऑटोपायलटने सुकाणू सोडलं आणि बोट हळूहळू वळायला लागली, कुठे ते कळेना. इंजिन मात्र धडधडत होतं. डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला वीज लागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. काळोखात डोळे फाडून बघितलं तर एका बाजूला एक मोठ्ठा काळा आकार आणि त्यावर दोन पांढरे दिवे. दहाच मिनिटांपूर्वी एआयएसवर मी त्याचं नाव वाचलं होतं. जयगडकडे जाणारं मालवाहू जहाज, चार मैलांवर. आता ते किती मैलांवर आहे हे सांगणारं काहीच नव्हतं. आणि आम्ही कुठे आहोत हे त्यालाही कुणी सांगत नव्हतं.

‘‘सुकाणू धर. त्या ताऱ्यावर ठेव,’’ काकांचा आवाज अगदी नेहमीसारखा. पुतणीने मोठा टॉर्च शिडावर मारला. पांढरं शीड उजळलं की लांबून दिसतं. काकांनी हातातल्या वायरलेसवर सोळा नंबरच्या चॅनलवर जहाजाला हाक मारली. दोनदा उत्तर नाही. तिसऱ्यांदा एक झोपाळू आवाज आला. त्यांना शिडावरचा उजेड दिसत होता, ते आमच्या मागून जाणार होते. ते मागून गेलं तेव्हा त्याच्या इंजिनाची घरघर माझ्या छातीत वाजली. माझे हात सुकाणूला इतके चिकटले होते की पुतणीला एकेक बोट सोडवावं लागलं.

मग काकांनी बॅटरीचा मोठा खटका एकवरून दोनवर फिरवला. दोन म्हणजे इंजिन सुरू करायची वेगळी, जुनी, पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी. सगळं परत आलं. फक्त डोलकाठीवरचा एलईडी दिवा कायमचा गेला होता, आणि व्होल्टमीटर १४ ऐवजी १२.४ दाखवत होता. म्हणजे अल्टरनेटर काही देत नव्हता.

झालं होतं ते असं. बारा व्होल्टच्या लिथियम बॅटरीत चार सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि त्यांच्यावर बीएमएस नावाचा इलेक्ट्रॉनिक राखणदार. चारांतला एक सेल जरी मर्यादेबाहेर भरला तरी राखणदार दार लावून घेतो. त्याने घेतलंच पाहिजे, तेच त्याचं काम. पण आमच्या पेटीत दार एकच होतं. चार्जिंगही तिथूनच आणि वापरही तिथूनच. चांगल्या पेट्यांमध्ये दोन्ही वेगळे असतात, आणि दार लावण्याआधी राखणदार ओरडतो. अमेरिकेत बोटींच्या बॅटऱ्यांसाठी २०२२ मध्ये जे मानक आलं, त्यातही ही आगाऊ सूचना आहे. आमचा राखणदार न ओरडता दार लावून मोकळा! तिकडे अल्टरनेटर जोरात वाढत होता आणि समोरचं ताट अचानक ओढून घेतलं गेलं. अशा वेळी त्याचा व्होल्टेज क्षणभर भलताच उसळतो आणि त्या उसळीत त्याचेच डायोड जळतात. दिवाही त्याच उसळीत गेला.

‘‘जुनी बॅटरी मध्ये असती तर तिने ही उसळी गिळली असती,’’ काका म्हणाले. ‘‘मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षं ४४० व्होल्टवर काम केलं आणि बारा व्होल्टला खेळणं समजलो.’’

काका स्वतःला दोष देताना मी त्या ट्रिपमध्ये एवढं एकदाच ऐकलं.

दहा मिनिटांनी राखणदाराने आपणहून दार उघडलं. लिथियम परत जिवंत, १३.३ व्होल्ट. पुतणी म्हणाली, ‘‘काका, मग प्रॉब्लेम काय आहे? बॅटरी तर भरलेली आहे. तूच सांगितलंस दिवसाला दोनशे लागतात. सरळ गोवा गाठू या ना.’’ मी काही बोलले नाही, पण मलाही तेच हवं होतं. सोमवारी दहाला माझं प्रेझेंटेशन होतं.

‘‘भरलेली आहे असं कोण म्हणतं?’’ काकांनी विचारलं. ‘‘बॅटरी म्हणते मी भरले. मीटर म्हणतो छ्याऐंशी टक्के. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय आणि कोण ते मला माहीत नाही.’’

यावर रात्री दोन वाजता समुद्रात आमची मीटिंग झाली, आणि मी आजवर बसलेल्या मीटिंगांमध्ये ही सर्वात उपयोगी होती. लेड-अ‍ॅसिडचं व्होल्टेज बघून ती किती भरली आहे याचा अंदाज येतो. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी. लिथियमचं तसं नाही. नव्वद टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत तिचं व्होल्टेज जवळपास सपाट असतं, अर्ध्या व्होल्टचाही फरक पडत नाही. चेहऱ्यावरून काही कळू न देणारी माणसं असतात ना, तशी. म्हणून किती गेलं आणि किती आलं ते मोजणारा मीटर लावतात. पण तो बेरीज-वजाबाकी करतो फक्त. अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून ‘हे शंभर’ असं त्याला सांगावं लागतं, नाहीतर चूक साठत जाते. आमची बॅटरी दोन महिने बोयावर सोलरच्या जिवावर अर्धवट भरत-रिकामी होत बसली होती. ना मीटर कधी जुळवला, ना चारही सेल सारख्या पातळीवर आले. एक सेल पुढे, तीन मागे. मी रात्रभर जे आकडे विश्वासाने वहीत उतरवत होते ते अंदाजे होते! महिन्याला मी असे किती डॅशबोर्ड पाठवते, हा विचार मनात आला आणि मी तो तिथेच सोडला.

निर्णय झाला. रत्नागिरी, पस्तीस मैल, सात-आठ तास. फ्रिज बंद, स्पीकर बंद, ऑटोपायलट बंद. हाताने सुकाणू, तासातासाची पाळी.

गोल्डन ग्लोब नावाची एक शर्यत आहे. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडावर जगप्रदक्षिणा, आणि आधुनिक इलेक्ट्रॉनिक्सला बंदी. २०२२-२३ च्या शर्यतीत आपला अभिलाष टॉमी दुसरा आला. त्या बोटींवर सुकाणू धरते ती वाऱ्यावर चालणारी यंत्रणा, तिला एक अँपिअरही लागत नाही. पहाटे चारला, पाठ मोडल्यावर, काकांनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, ‘‘काका, हे मुंबईत सांगायचंत.’’

उजाडलं तेव्हा किनारा दिसला. आधी डोंगरांची एकामागे एक निळी रेघ, मग तांबडे कडे, मग माडांची ओळ. तेवढ्यात मतलई आली आणि इंजिन बंद करून आम्ही शिडावर निघालो. रत्नदुर्ग समुद्रात पाय पसरून बसल्यासारखा पुढे आला आहे. भगवती मंदिराकडे वरून बघणारे पर्यटक आम्हाला हात करत होते. मीही केला. तीस तास केस न विंचरलेली बाई त्यांना रोमँटिक वाटली असणार.

मिरकरवाडा बंदरात आमची बोट म्हणजे लग्नाच्या वरातीत चुकून घुसलेली सायकल. शेकडो रंगीत ट्रॉलर, बर्फाच्या गाड्या, बोंबील, आरडाओरड, आणि असा वास की नंतर माझी जीन्स दोनदा धुतली. पण ट्रॉलर आहेत तिथे डायनामोवाला असतोच. (अल्टरनेटरला इथे डायनामोच म्हणतात.) एका खलाशाने फोन लावला आणि अर्ध्या तासात लुंगी नेसलेले एक चाचा पिशवी घेऊन हजर झाले. त्यांनी अल्टरनेटर खोलला, मल्टीमीटर लावला आणि सहापैकी चार डायोड गेल्याचं सांगितलं. अख्खी डायोड प्लेट बदलली. वायंडिंग शाबूत होतं, थोडं काळवंडलेलं. बिल आमच्या ऑफिसच्या टीम लंचपेक्षा कमी.

मग त्यांनी लिथियमची पेटी बघितली. वरचं लेबल वाचलं, हात लावला नाही.

‘‘आमची बॅटरी पोट भरला की पुरे म्हणते,’’ ते काकांना म्हणाले. ‘‘ही म्हणत नाय ना? मग डायनामो हिला सरळ जोडायचा नाय. मध्ये कोणतरी पायजे.’’

काकांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला आणि माझ्या रात्रभराच्या वहीला जे जमलं नव्हतं, ते चाचांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्या ‘मध्ये कोणतरी’चं खरं नाव डीसी-डीसी चार्जर. अल्टरनेटर फक्त जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला जोडायचा, आणि तिच्याकडून हा चार्जर मोजून-मापून, समजा ३० अँपिअरच, लिथियमला देतो. राखणदाराने दार लावलं तरी अल्टरनेटरसमोर जुनी बॅटरी असतेच. दुसरा मार्ग म्हणजे अल्टरनेटरचं तापमान बघून त्याला आवरणारा बाहेरचा रेग्युलेटर. मोठ्या बोटींवर दोन्ही असतात. मिरकरवाड्यात यातलं काहीच मिळत नव्हतं.

तेव्हा मध्ये कोणतरी म्हणून मी!

चाचांनी वायर बदलून अल्टरनेटर जुन्या बॅटरीवर आणला. इंजिन चालू असताना मी खटका ‘दोन्ही’वर करायचा, म्हणजे लिथियमला वाटा मिळेल. पंधरा मिनिटं झाली, थर्मामीटर ९० वर गेला किंवा व्होल्टेज १४ ला टेकला, यातलं जे आधी होईल तेव्हा खटका मागे. मग अर्धा तास विश्रांती. काकांनी हे पुठ्ठ्यावर लिहून खटक्यावर चिकटवलं. वर माझं नाव आणि खाली ‘रेग्युलेटर’. अप्रेझलमध्ये मला इतकं स्पष्ट जॉब डिस्क्रिप्शन कधी मिळालेलं नाही.

दुपारी चारला निघालो. या दुसऱ्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, आणि ते उत्तमच. विजयदुर्ग अंधारात गेला, देवगडचा दीपस्तंभ बराच वेळ सोबत होता. वारा साडेअकरापर्यंत टिकला. मी रात्रीत आठ वेळा खटका फिरवला. ९० च्या वर एकदाच गेला, ९२. मालवणच्या बाहेर उजाडलं, सिंधुदुर्गाची तटबंदी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसली आणि त्याच वेळी नाळेसमोर डॉल्फिन आले. पुतणी ओरडली, मी खाली थर्मामीटर धरून बसले होते. धावत वर आले तेव्हा शेवटची शेपटी बघायला मिळाली. रेग्युलेटरला सुट्टी नसते.

वेंगुर्ल्याचे खडक, मग गोव्याची हद्द, मग संध्याकाळच्या उन्हात आग्वाद. मांडवीत शिरताना काकांनी पलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला हात केला. तिकडे दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ बांधली गेली. मांडवीचंच वरचं नाव लावलेली ही बोट घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जग फिरून आले. अशी जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ही तिथलीच. आम्ही रत्नागिरीत डायोड बदलत होतो तेव्हा ती दक्षिण पॅसिफिकमध्ये होती, आणि तिच्यावर नौदलाच्या दोनच अधिकारी होत्या, दिलना आणि रूपा. त्या मे २०२५ मध्ये गोव्याला परतल्या. मिरकरवाडा तर सोडाच, त्यांच्या आसपास हजार मैलांत डायनामोवाला नव्हता. खटक्यावर चिकटवलेला माझा पुठ्ठा मी सोबत आणायला निघाले होते, तो मुकाट्याने तिथेच ठेवला. काकांना परतीच्या ‘कारल्या’साठी लागणारच होता.

कोकणकन्या गच्च भरलेली होती. रत्नागिरी स्टेशन आलं तेव्हा मी जागी होते; बर्थ अजून डुलत होता, म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. शेजारच्या मुलाने विचारलं, ‘‘चार्जर आहे का?’’ मी दिला. त्याचा फोन तीन टक्क्यांवर होता. तो झोपी गेला तरी प्लग तसाच होता, आणि मी दर पंधरा मिनिटांनी हात लावून फोन गरम झालाय का ते बघत होते.

सोमवारी दहाला प्रेझेंटेशन झालं. क्लायंटला ऑस्टिनचा किस्सा सांगितला, त्याला ठाऊक नव्हता. दुपारी काकांचा मेसेज आला. डीसी-डीसी चार्जर मागवलाय, ३० अँपिअरचा, आणि डोलकाठीवरचा दिवाही. पाठोपाठ दुसरा मेसेज: ‘पुठ्ठा काढलेला नाही. मार्चमध्ये कारलं खायला येतेस का?’